हाकेला ओ न देणारी गल्ली

माझी खुर्ची त्या बाईंनी पटकावली आणि तिथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

आमच्या विट्याच्या कार्यालयात खुर्च्या चार. त्यांतली कोपऱ्यातली, जिच्यावर बसलं की डावा खांदा भिंतीला टेकतो, ती माझी. सहा वर्षांत तिच्यावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. बसू दिलंच नव्हतं मी. पाहुणा त्या दिशेने वळायच्या आत मी तिथे जाऊन बसलेला असायचो. कार्यालयाचा सगळा कारभार एकहाती सांभाळणारी हसीना मुलाणी म्हणायची, "साहेबांचा त्या खुर्चीत जीव अडकलाय." जीव नव्हे, कान अडकला होता. माझ्या डाव्या कानाला काहीही ऐकू येत नाही आणि उजव्याला तेव्हा निम्मं यायचं. कोपऱ्यात बसलं की सगळं बोलणं उजवीकडून किंवा समोरून येणार. जे कानात शिरणार नाही ते मी ओठांवरून उचलणार. ही माझी व्यवस्था मला सोडून कुणालाही ठाऊक नव्हती, अशी माझी पक्की समजूत होती.

कालिंदी मगदूम मुलाखतीला आल्या त्या मिरजेहून, दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून. लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पायांना कॅलिपर, बगलेत कुबडी, खांद्याला फुगलेली शबनम. दारात उभं राहून त्यांनी चारही खुर्च्या न्याहाळल्या आणि थेट माझ्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"भिंत जवळ असली की उठायला बरं पडतं," त्या म्हणाल्या.

आता अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेत, दोन्ही पायांत लोखंड घालून आलेल्या बाईला 'उठा, ही माझी जागा' असं सांगायचं कुणी आणि कुठल्या तोंडाने? मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. मगदूमबाई माझ्या डाव्या हाताला आल्या. माझ्यापुरती मुलाखत तिथेच संपली.

पुढची चाळीस मिनिटं त्या बोलल्या, शिरगुप्पे सरांनी प्रश्न विचारले, आणि मी अधूनमधून पुढे झुकून, कपाळाला बारीक आठी घालून म्हणत राहिलो, "अगदी बरोबर."

या दोन शब्दांवर मी माझा संसार चालवला आहे. माणूस काहीही बोलत असो, त्याला 'अगदी बरोबर' म्हटलेलं आवडतं. दहापैकी नऊ वेळा ते बसतंच. दहाव्या वेळी घोटाळा होतो. कामावर रुजू झालो त्या दिवशी चहा करताना हसीनाने मला काहीतरी विचारलं होतं, मी 'अगदी बरोबर' म्हटलं, आणि तेव्हापासून सहा वर्षं माझ्या कपात पाकासारखा गोड चहा येत होता. गोड चहा मला लहानपणापासून सोसत नाही. पण तिने नेमकं काय विचारलं होतं हे आता विचारायचं म्हणजे सगळंच उघडं पडणार. मी मुकाट्याने प्यायचो.

शिरगुप्पे सर म्हणजे आमच्या संस्थेचे संस्थापक, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला नोकरीवर घेतलं तेही या कानाच्याच कृपेने. त्यांचं बोलणं कळावं म्हणून मी मुलाखतभर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो. सर विरघळले. "बत्तीस वर्षं वर्गात बोललो," ते हसीनाला म्हणाले, "पण इतकं मन लावून कुणी ऐकलं नाही माझं." तेव्हापासून तालुकाभर माझी ख्याती झाली. कुणाचं काही गाऱ्हाणं असलं की सर म्हणायचे, "कोष्टींकडे जा, ते ऐकून घेतात."

हसण्यासारखं आहे, मलाही हसू येतं. तेव्हा मात्र येत नव्हतं. त्याआधी कुरियरच्या एका कार्यालयात मी पाच महिने होतो. फोनवर पत्ते घ्यायचं काम. एक दिवस मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "बहिऱ्याला फोनवर कुणी बसवला रे?" ते वाक्य मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कुठेही हे कळू द्यायचं नाही.

तर सरांनी त्या वर्षी एक मोठा प्रकल्प मिळवला होता. आमच्या तालुक्यातल्या अपंगांना त्यांचे हक्क मिळवून द्यायचे. पण पैसे देणाऱ्या संस्थेची अट अशी, की आधी बेसलाइन स्टडी करा, तोही बाहेरचा सल्लागार नेमून. सुरू करण्यापूर्वी किती अपंग आहेत, कशा अवस्थेत आहेत, ते मोजून ठेवा, म्हणजे तीन वर्षांनी काय बदललं ते दिसेल. सर त्याला 'पायाभूत पाहणी' म्हणायचे. हसीना त्याला 'ते पायाचं' म्हणायची. जाहिरात दिली, अर्ज आले, चाळता चाळता दोन उरले. मिरजेच्या कालिंदी मगदूम आणि पुण्याचे डॉ. निरंजन खांबेटे.

सरांमधला मुख्याध्यापक अजून जिवंत होता. त्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली. "दोघांनीही एकेक दिवस एकाच गल्लीत जायचं. बावीस घरं. कोण किती अपंग शोधतो बघू. बुधवारी दोघांनी इथे येऊन सांगायचं, मग आपण दोघे गुण देऊ, भालचंद्र. आणि गल्ली आपली कोष्टी गल्लीच घेऊ. तुम्ही तिथलेच, बरोबर जा."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. या वेळी ऐकू आलं होतं, आणि नेमकं तेच नको होतं. त्या गल्लीत माझी आई राहत होती.

सोमवारी खांबेटे आले. गोरेपान, मृदू, पायांत चांगले बूट. माणूस सज्जन, यात वादच नाही. लॅपटॉप काढून त्यांनी मला चौसष्ट पानांची प्रश्नावली दाखवली आणि आम्ही गल्लीत शिरलो.

विटा हे मागांचं गाव. कोष्टी गल्लीत प्रत्येक घराच्या पुढच्या सोप्यात यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. बावीस घरांत साठेक माग एकदम चालतात, आडवं सूत वाहून नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतात, आणि गल्लीत पाऊल टाकलं की छातीत खडखडाट सुरू होतो. मी तिथेच वाढलो. दहाव्या वर्षापासून शाळा सुटली की मागावर उभा. तिथे कुणी कानाने ऐकत नाही. ओठ बघायचे, हातवारे करायचे. पलीकडच्या मागावरचा माणूस काय म्हणतो ते आम्हाला बरोबर कळतं. आणि पाठमोऱ्या माणसाला बोलवायचं तर बायका त्याच्या पाठीत रिकामी कांडी मारतात. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. लागत नाही, पण माणूस वळतो.

खांबेटे पहिल्या घरात शिरले आणि ओरडले, "आपल्या घरात कोणी अपंग व्यक्ती आहे का?"

महादू ढोलेने त्यांचे ओठ वाचले आणि माग न थांबवता उत्तर दिलं, "न्हाई."

खांबेट्यांना काही ऐकू आलं नाही. ते हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "अगदी, अगदी."

मी चपापलो. ते हसू माझं होतं. आठी माझी होती, पुढे झुकणं माझं होतं. पुण्याचा हा डॉक्टर माझ्या गल्लीत येऊन ठार बहिरा झाला होता आणि मी करतो तेच करत होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "नाही म्हणतात!" त्यांनी कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिलं. मग बावीस घरं मी त्यांच्याबरोबर फिरलो. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, मी सांगायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचा कान झालो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. छाती काढून चालत होतो मी.

"इथे तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं," गल्लीबाहेर आल्यावर खांबेटे म्हणाले. त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं: घरं बावीस, अपंग शून्य.

हा माणूस मला आवडला. त्यातही आवडलं ते हे, की तो पुण्यात राहून काम करणार होता. तीन महिन्यांत दोनदा येणार. मगदूमबाई मात्र अर्जातच लिहून बसल्या होत्या: 'काम होईपर्यंत रोज कार्यालयात येईन.' म्हणजे रोज माझ्या खुर्चीत.

मंगळवारी त्या आल्या. प्रश्नावली नाही, लॅपटॉप नाही. शबनममध्ये कोरे फॉर्म आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा. गल्लीच्या तोंडाशीच उभ्या राहून त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग माझ्याकडे वळून, आवाज न काढता, फक्त ओठ हलवून विचारलं, "इथं सगळे असंच बोलतात?"

"हो," मीही आवाज न काढता म्हणालो.

"तुम्हाला चांगलं जमतं की!"

"इथलाच आहे मी."

त्या माग चालवणाऱ्या पुरुषांकडे गेल्याच नाहीत. मागच्या खोल्यांत जिथे बायका कांड्या भरत बसतात तिथे जाऊन फतकल मारून बसल्या, कॅलिपरची कुलपं खटाखट काढून. आईच्या घरी सात-आठ बायका जमल्या. चिक्की फिरली. अपंग हा शब्द बाईंनी काढलाच नाही. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हाक मारली तर ओ येत नाही?"

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"आमच्या गल्लीत हाकंला ओ देतंय कोण?" ढोलेंची सून म्हणाली. "आमच्या मामंजींच्या कानाशी फटाका फोडला तरी हालायचं न्हाईत."

"आमच्यांचं तर चाळिशीतच ग्येलं."

"टीव्ही चार घरं ऐकू येतोय आमचा."

"लग्नाच्या बैठकीला आमचं मालक जात न्हाईत. समोरचा काय म्हणला कळत न्हाई, मग उगंच हो म्हणून बसत्यात. पोरीच्या येळी काय काय कबूल करून आलं हुतं, इचारू नगा!"

बाई भराभर लिहीत होत्या. नाव विचारून, वय विचारून, 'लिहू का?' असं प्रत्येकीला विचारून. त्यांच्या ओठांवरून एवढं वाचलं आणि मी दाराशी पाठमोरा होऊन सोप्यातल्या मागाकडे बघत उभा राहिलो. मला आत बघायचंच नव्हतं.

आणि लाईट गेली.

साठ माग एकदम थांबले. बाहेरच्या माणसाला अशा वेळी हायसं वाटतं. गल्लीला नाही. अर्धी गल्ली त्या शांततेतही ओरडूनच बोलत राहते, हे मला पुढे बाईंनी सांगितलं. मला फक्त एवढंच जाणवलं, की पायाखालची थरथर थांबली. थरथर थांबली की मी बाहेरच्या जगात येतो. त्या जगात मी बहिरा असतो.

पाठीत कांडी बसली.

मी वळलो. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बाईंचं तोंड उघडं होतं, म्हणजे त्या काहीतरी म्हणाल्या होत्या. आणि आई, माझी सत्तरीची आई, दुसरी कांडी हातात तोलत त्यांना समजावत होती. तिचे ओठ मला स्वच्छ दिसत होते.

"चार हाका मारल्या तुमी, उगं घसा फोडला. आमच्या भाल्याला आसं बोलवायचं आस्तंय, बाई."

मगदूमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. हातातल्या फॉर्मांच्या गठ्ठ्यातून एक नवा कोरा फॉर्म काढून त्यांनी वर ठेवला, एवढंच.

परतताना त्या म्हणाल्या, "बसा मागे, सोडते कार्यालयापर्यंत." मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. वारा, ट्रकांचे हॉर्न, समोर त्यांचं हेल्मेट. ओठ दिसायचा प्रश्नच नाही. हेल्मेट हललं की मी म्हणायचो, "अगदी बरोबर." पुन्हा हललं, "अगदी बरोबर." खानापूर नाका ओलांडला, पेट्रोल पंप गेला. हेल्मेट जोरात हललं, मीही जरा जोरातच म्हणालो, "अगदी बरोबर!"

स्कूटर कडेला थांबली. बाईंनी हेल्मेट काढलं आणि पूर्ण मागे वळल्या.

"कोष्टीसाहेब, मी नाक्यापासून एक शब्द बोललेले नाही. मानेला रग लागली म्हणून मान हलवत होते."

मी उतरलो. दुसरं काय करणार? रस्त्याच्या कडेला चिंचेच्या झाडाखाली उभा राहून चौतीस वर्षांचा प्रकल्प समन्वयक मी हात जोडून म्हणालो, "बाई, कुणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल."

"अपंगांच्या संस्थेतून?" त्या म्हणाल्या. "ऐकू येत नाही म्हणून?"

"सरांनी मला ऐकून घेणारा म्हणूनच ठेवलंय."

हे ऐकून मात्र त्या हसल्या. खो-खो हसल्या, कुबडी निसटेपर्यंत. मला राग आला, आणि पुढच्याच क्षणी माझ्याही ओठांवर हसू आलं. ते मी चिंचेकडे बघून लपवलं. मग त्या गंभीर झाल्या.

"सांगणार नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. पण तुम्ही त्या गल्लीचे, म्हणून माझ्या मोजणीत आहात, साहेब. मी एक माणूस गाळून आकडा देणार नाही. नाव लिहीत नाही, बस्स?"

मी मान हलवली. त्या संध्याकाळी घरी जाऊन गुणपत्रिका भरली. सरांचा नियम होता, शाईने भरायची, खाडाखोड केली तर शेजारी पूर्ण सही. डॉ. निरंजन खांबेटे: चौऱ्याऐंशी. श्रीमती कालिंदी मगदूम: अठ्ठावन्न. शेरा लिहिला, 'प्रश्नावली नाही. पद्धत अशास्त्रीय.' लिहून झालं आणि जेवायला बसलो. लाज वाटायला हवी होती.

बुधवारी अकरा वाजता सगळे जमले. मी दहालाच येऊन कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. बाईंनी ती पाहिली आणि निमूटपणे दुसरीवर बसल्या. हसीना चहाचं आधण टाकून दाराशी उभी राहिली.

खांबेट्यांनी सांगितलं, "कोष्टी गल्ली, घरं बावीस, अपंग शून्य."

मगदूमबाईंनी सांगितलं, "घरं बावीस, माणसं एकोणीस."

सरांनी चष्मा काढला. "एकोणीस? अहो, त्या गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं मी शिकवलीत. एक लंगडा नाही, एक आंधळा नाही. एकोणीस कुठून आणलेत?"

"सगळे कानांचे, सर. मागांमुळे. गल्लीत कुणाला ते अपंगत्व वाटतच नाही, कारण तिथं त्याची अडचण नाही. अडचण येते ती गल्ली सोडली की. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या बैठकीत." त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा पुढे केला.

सरांनी वरचाच फॉर्म उचलला आणि वाचायला लागले. सरांची एक खोड होती, कागद वाचताना ते तो तोंडासमोर धरत. ओठ गेले. उजव्या कानात नुसती गुणगुण आली. मी हसीनाकडे पाहिलं, तिने पदर तोंडाला लावला होता. खांबेट्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. मगदूमबाई जमिनीकडे बघत होत्या. काहीतरी विशेष चाललं आहे एवढं कळलं, आणि अशा वेळी मी जे करतो तेच केलं. पुढे झुकलो, आठी घातली आणि म्हणालो, "अगदी बरोबर."

सरांनी कागद खाली केला.

"काय बरोबर? तुम्ही ओळखता याला?" त्यांनी फॉर्म माझ्यापुढे टाकला. "हे बघा. नाव लिहायच्या जागी रिकामं. नाव नाही, म्हणजे माणूस नाही. बाई, मी मुख्याध्यापक होतो. एक उत्तर बनावट निघालं की मी अख्खी उत्तरपत्रिका बाद करायचो."

"नाव सांगायची परवानगी नाही, सर," मगदूमबाई शांतपणे म्हणाल्या. "परवानगीशिवाय मी लिहीत नाही. बाद करायचं तर करा."

मी फॉर्म वाचला. निळ्या शाईतलं सरळ अक्षर.

'पुरुष. वय चौतीस. जबाबदारीची नोकरी. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने निम्मं. अडचण कुठे येते: कार्यालयात, फोनवर, पाठीमागून कुणी बोललं तर. अडचण कुठे येत नाही: माग चालू असताना. तिथे हा माणूस इतरांचं ऐकून दुसऱ्यांना सांगतो. काय हवं आहे:'

पुढे रिकामं होतं. कंसात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'अजून कुणी विचारलेलं नाही.'

ते मी दोनदा वाचलं. आईने मला कांड्या मारल्या, मालकाने बहिऱ्या म्हटलं, सरांनी माझी वाहवा केली. पण तुला काय हवं, हे खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आणि माझ्या गुडघ्यावर त्याच बाईंची अठ्ठावन्न गुणांची पत्रिका होती. मी गप्प बसलो असतो तर एकोणीसच्या एकोणीस माणसं बाद होणार होती. महादू ढोले बाद, त्याचा बाप बाद. खांबेट्यांचं शून्य खरं ठरणार होतं, आणि त्या शून्यावर आम्ही तीन वर्षं हक्कांचं काम करणार होतो.

मी खिशातून पेन काढलं.

"सर," मी म्हणालो, "नाव लिहितो." आणि फॉर्मवर लिहिलं, भालचंद्र रामचंद्र कोष्टी. मग गुणपत्रिका घेतली. अठ्ठावन्न खोडलं, ब्याण्णव केलं. शेरा खोडला. नियमाप्रमाणे दोन्ही ठिकाणी पूर्ण सही केली.

शिरगुप्पे सर उठले. खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलले. ते बोलले होते.

काय म्हणाले असतील? कोष्टी, उद्यापासून येऊ नका. सहा वर्षं फसवलंत मला. बहिऱ्याला समन्वयक कुणी केला. मी मनातल्या मनात तीनही वाक्यं त्यांच्या पाठीवर लावून पाहिली, तीनही नेमकी बसली. 'अगदी बरोबर' जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"सर, ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "समोरून बोला."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मगदूमबाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि 'काय हवं आहे'च्या पुढच्या रिकाम्या जागेत दोन शब्द लिहिले: 'समोरून बोला.'

सर वळले. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज वर्गातला होता. मला दिसावं म्हणून त्यांनी तोंड एवढं मोठं उघडलं की खांबेटे दचकले.

"मी म्हटलं, चहा किती जणांना?"

सहा वर्षं मी ज्या वाक्यांना घाबरून 'अगदी बरोबर' म्हणत आलो, त्यांतली निम्मी बहुतेक अशीच असणार.

"मला पण," मी म्हणालो. आणि एकदा सुरुवात झालीच होती, म्हणून पुढचंही सांगून टाकलं. "बिनसाखरेचा."

हसीना चहाचं भांडं तसंच टाकून दारातून आत आली. माझ्या समोर, जरा उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. गेली सहा वर्षं ती दरवेळी तिथेच येऊन उभी राहत होती, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

"कानाचं मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे, साहेब," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पण साखरेचं कधी बोलला नाहीत तुम्ही!"